दुकान घरी ठेवून या

बारकी हॉस्पिटलातून परत आली तेव्हा दुपारच्या जेवणासाठी लाँड्रीचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि त्याच्या खालून तिला घरातल्या सगळ्यांचे पाय दिसले. अप्पांचे, काकांचे, दादा-वहिनीचे आणि काठीसकट आईचे. एरवी या वेळी अप्पा वरच्या खोलीत आडवे झालेले असत, काका बॉयलरपाशी पेपर तोंडावर ओढून घोरत असत आणि दादा-वहिनीचं कशावरून तरी बिनसलेलं असे. आज सगळे खाली थांबले होते, म्हणजे तिचीच वाट बघत होते.

ती वाकून आत आली. कुणी काही विचारलं नाही. ज्या गोष्टीपायी जीव टांगणीला लागलेला असतो तिच्याबद्दल आपणहून विचारायचं नाही, अशी या घराची जुनी खोड होती. वहिनीने खुर्ची सरकवली. काकांनी पाण्याचा पेला पुढे केला. दादा आधीच नीट लावलेले हँगर पुन्हा नीट लावायला लागला.

"झालं?" शेवटी आईनेच तोंड उघडलं.

"झालं," बारकी म्हणाली. "आणि नाहीही झालं."

"कोडी घालू नकोस बाई. माझा पाय आधीच ठणकतोय."

बारकीने पेला रिकामा केला. चाळिशी उलटली तरी घरात तिला बारकीच म्हणत, कारण दादाच्या पाठची ती एवढी एकच, आणि तिच्यानंतर नाव बदलायला कुणी आलंच नाही. लग्न तिने केलं नव्हतं, आणि तो विषय घरात केव्हाच थंड पडला होता.

"मुलाखतीत मेट्रनबाईंनी विचारलं, तुम्ही दुकानात काय करता? मी म्हटलं, आम्ही डाग काढतो, आम्ही धुतो, आम्ही इस्त्री करतो. त्या म्हणाल्या, ते कळलं, पण तुम्ही काय करता? मी म्हटलं, तेच की, आम्ही सगळंच करतो. मग म्हणाल्या, एखादं अवघड काम सांगा. मी त्या नाटकवाल्यांच्या पडद्याचं सांगितलं. धुराने काळा पडलेला तो. आम्ही असा उतरवला, आम्ही तसा झाडला, सगळं सांगितलं."

"मग? बरोबरच सांगितलंस," दादा हँगरांकडे बघतच म्हणाला.

"त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आज मला तुमचं दुकान भेटलं. छान आहे दुकान. तुम्ही मात्र भेटला नाहीत. परवा सकाळी परत या, आणि एकट्या या."

"तू एकटीच तर गेली होतीस," काका म्हणाले.

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, नाही, दुकान घरी ठेवून या."

काकांना हसू आवरेना. वहिनीही तोंड फिरवून हसली. अप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि न घालताच परत ठेवला.

यात बारकीचा दोष नव्हता. या दुकानात 'मी' हा शब्दच चालत नसे. अप्पांनी दुकान उघडलं तेव्हापासूनचा तो नियम. तुमचा कोट आम्ही तयार ठेवलाय, हा डाग आम्ही बघतो, तुमच्या शर्टाची बाही आमच्याकडून जरा आखडली. काम कुणी केलं ते गिऱ्हाइकाला कधी कळत नसे, आणि हळूहळू ती भाषा जिना चढून घरातही आली. टेलिफोनवर कुणी "कोण बोलतंय?" विचारलं तर काका बिनदिक्कत "आम्ही" म्हणून सांगत. दादाच्या मुलीने शाळेत असताना 'माझा आवडता छंद' हा निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'आम्ही' घालून लिहिला होता, आणि बाईंनी घरी विचारायला पाठवलं तेव्हा त्यात चूक काय हे घरातल्या कुणालाच कळलं नव्हतं.

"दोन-दोनदा बोलावतात म्हणजे त्यांचीच खात्री पटलेली नाही," दादा म्हणाला. "कशाला परत जायचं? आपलं काय वाईट चाललंय?"

काही वाईट चाललेलं नव्हतं हे खरंच होतं, आणि बारकीला ते सगळ्यांत अवघड वाटत होतं. भांडून निघायला कारण लागतं, आणि तिच्यापाशी तसलं एकही कारण नव्हतं.

तिच्यापाशी फक्त एक इच्छा होती, आणि ती मागच्या थंडीत जन्माला आली होती. आई जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती कितीतरी आठवडे हॉस्पिटलात उताणी पडून राहिली. एका सकाळी कूस बदलताना बारकीला आईच्या पाठीवर लाल वळ दिसला. खालच्या चादरीला तिथेच एक सुरकुती होती. तिने चादर बोटांत चोळून बघितली. साबण पुरता निघाला नव्हता, आणि वाळत घालताना टोकं ओढली नव्हती. सिस्टरला विचारून तिने त्या चादरी दुकानात आणल्या, धुतल्या, ताणल्या, परत नेल्या. मग शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, मलाही हवी. मग तिच्या शेजारची. आई घरी आली तरी बारकी जातच राहिली. अंगाखाली काय आहे ते ज्याला स्वतःच्या हाताने सारखंही करता येत नाही, अशा माणसासाठी आपण काही करतो आहोत, ही भावना तिला लोकांचे कोट चकचकीत करताना कधी आली नव्हती. हॉस्पिटलच्या धुलाई विभागाचे प्रमुख या महिन्याच्या शेवटी निवृत्त व्हायला निघाले तेव्हा मेट्रनबाईंनीच निरोप धाडला, की अर्ज करा. बारकीला ती जागा हवी होती. आयुष्यात इतकं तिला काहीच हवंसं वाटलं नव्हतं, आणि ते मोठ्याने म्हणायची तिची छाती होत नव्हती.

"जाणार आहेस ना परत?" आईने विचारलं.

"जाणार आहे."

"मग उद्या दुकान बंदच आहे. उद्या बसू सगळे. हिला मी म्हणायला शिकवू."

काठी टेकत आई जिन्याकडे वळली, म्हणजे ठरलं.

दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी. घड्या घालायच्या लांबलचक टेबलाभोवती सगळे बसले. एका टोकाला दादाची मुलगी फोन उघडून मेट्रनबाई झाली होती. कॉलेजात शेवटच्या वर्षाला असल्यामुळे मुलाखत या विषयातलं घरात तिलाच काय ते कळत होतं.

"इथे लिहिलंय, पाठ ताठ ठेवा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, आणि आत्मविश्वासाने बोला."

"सासऱ्यांसमोर आत्मविश्वासाने कसं बोलायचं तेही लिहिलंय का बघ," वहिनी म्हणाली.

"आई, मधे बोलू नकोस. हं. नमस्कार, बसा. तुमच्याबद्दल थोडं सांगा."

"आम्ही–"

"मी."

"मी," बारकी म्हणाली. "मी... आम्ही घरात एकूण–"

"आत्या."

"अगं, मी म्हणताना चोरी केल्यासारखा चेहरा कशाला करतेस?" काका म्हणाले. "असं म्हण. मी." त्यांनी छातीवर हात ठेवून म्हणून दाखवलं आणि स्वतःच दचकून इकडेतिकडे बघितलं. सगळे हसले.

"बरं, एखादं अवघड काम सांगा," भाची म्हणाली.

बारकीने श्वास घेतला. "मी एका नाटक मंडळीचा पडदा साफ केला. आगीच्या धुराने तो–"

"पडदा उतरवायला शिडीवर कोण चढलं होतं?" दादाने विचारलं.

"तू."

"मग?"

"मग... माझ्या भावाने पडदा उतरवला आणि मी तो साफ केला."

"आणि वाफ?" काका म्हणाले. "नाही, म्हणजे माझं काही नाही. पण दोन दिवस बॉयलर काय आपला आपण पेटत होता?"

"आणि त्याची खालची पट्टी उसवून लोंबत होती, ती शिवली कुणी?" वहिनी म्हणाली.

"तो सगळा गुंडाळून टेम्पोत मीच टाकला," दादा पुन्हा म्हणाला.

"पडदा एक आणि माणसं चार," भाची फोन खाली ठेवत म्हणाली. "मेट्रनबाईंना झोप लागेल."

"हेच सांगतोय मी कालपासून." दादाचा आवाज चढला. "या घरातलं काम असं फाडून वाटता येत नाही. एक तुकडा हिचा, एक तुकडा त्याचा. उद्या ही जाऊन सांगणार, मी केलं, मी केलं. मग आम्ही इतकी वर्षं काय केलं? माश्या मारल्या?"

"तसं कुठे म्हणतेय ती?" आई म्हणाली.

"त्याचं बरोबर आहे," काका म्हणाले. पडद्याची आठवण निघाल्यापासून त्यांना जरा लागलंच होतं. "सगळ्यांचं ते सगळ्यांचं."

"बरोबरच आहे," वहिनीही म्हणाली.

बारकीने खाली बघितलं. तीनास दोन झाले होते, आणि दोनातली एक, म्हणजे आई, खुर्चीत बसून पाय चोळत होती. हे राहू दे म्हणावं आणि चहा टाकायला उठावं, असं तिला वाटलं. ती उठलीही.

तेवढ्यात दादा समाधानाने म्हणाला, "गिऱ्हाईक उगाच येत नाही आपल्याकडे. आमच्या कॉलरसारखी कॉलर आख्ख्या गावात कुणी करत नाही, असं मी छातीठोक सांगतो लोकांना."

"आमच्या?" वहिनी म्हणाली.

"हो. आमच्या."

"अहो, तुम्ही कधी केलीत कॉलर? काकांनी? अप्पांनी तरी? टोकाकडून आत, आधी उलटी बाजू, मग सुलटी. मान धरते माझी रात्री. मी करते कॉलर. मी."

तो शब्द टेबलावर पडला आणि कुणालाच तो उचलता येईना. दादाने बायकोकडे वळून बघितलं. "आत्ता तर बरोबर आहे म्हणालीस. का तूही निघालीस हॉस्पिटलात?"

"मी कुठेही जात नाही. मला इथेच बरं वाटतं. मला फक्त एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय." तिने बारकीचा हात धरून तिला खाली बसवलं. "चहा कुठे टाकतेस? बस. पडदा तू साफ केलास. माझी ती पट्टी नसती तरी पडदा साफच झाला असता."

अप्पा एवढा वेळ कपड्यांच्या ब्रशमधले दोरे वेचत बसले होते. ते कमी बोलत. अलीकडे ऐकूही कमी येतं असं सगळे धरून चालत, आणि अप्पा ते खोडून काढत नसत.

"मी म्हणायचं नाही, असं तुम्हाला सांगितलं कुणी?" त्यांनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"तुम्हीच," दादा म्हणाला.

"मी अर्धं नव्हतं सांगितलं. पुरं सांगितलं होतं." अप्पांनी ब्रश खाली ठेवला. "बिघडलं तर आम्ही, आणि जमलं तर ज्याचं त्याचं नाव. असा होता तो नियम. दुकानाच्या पहिल्या वर्षी ह्याने," त्यांनी काकांकडे हनुवटी केली, "एका वकिलाच्या कोटाची पाठ जाळली. वकील काउंटरवर हात आपटून विचारायला लागला, कुणी जाळला ते सांगा, त्याला बाहेर बोलवा. हा आत कपड्यांमागे लपलेला. मी म्हटलं, आम्ही जाळला. आता त्याला आम्ही म्हणजे कोण ते कसं सापडणार? बडबडला आणि गेला. पुढे ह्यानेच बंद पडलेला बॉयलर खोलून चालू केला, तेव्हा येईल त्या गिऱ्हाइकाला मी सांगत होतो, माझ्या भावाने दुरुस्त केला. विचार त्याला."

"सांगायचा," काका हळूच म्हणाले. "लाज वाटायची मला."

"मग ती दुसरी अर्धी ओळ गेली कुठे?" आईने विचारलं.

अप्पा दादाकडे बघून म्हणाले, "हा लहानपणी शाळेतून येऊन काउंटरवर बसायला लागला, तेव्हा त्याच्या कानावर पहिली ओळच जास्त पडली असणार. तेव्हा आपलं बिघडायचंही फार."

आधी भाची हसली. मग वहिनी, आणि मग खुद्द दादालाही हसू फुटलं, इच्छा नसताना. एवढा मोठा नियम पाळत आलो आणि पाळला तो अर्धाच, हे त्या घरातल्या सगळ्यांना एकदमच कळलं.

"काका, तुम्हाला तर माहीत होतं," बारकी म्हणाली. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? माझं कौतुक करायचा नियम होता, तो विसरलात काय, असं? मला वाटलं, बंद केला असेल अप्पांनी. मी गप्प बसलो."

बारकी हसत होती आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. तिला ते गुलाबी रुमाल आठवले. ती दुकानात नवी होती, एका हॉटेलचे पांढरे रुमाल धुवायला टाकताना त्यात कुठून तरी एक लाल मोजा गेला आणि सगळा घाणा गुलाबी होऊन बाहेर आला. हॉटेलवाला तोंडाला येईल ते बोलत होता. ती लटकवलेल्या कोटांच्या मागे लपून उभी होती, आणि काउंटरवरून अप्पांचा आवाज आला होता, आमच्याकडून झालं. त्या दिवशी तिचं नाव बाहेर गेलं असतं तर ती पुन्हा त्या मशीनजवळ फिरकली नसती. पुढे जे काही शिकली ते त्या एका शब्दाच्या आडोशाने शिकली.

"अप्पा, हॉटेलचे ते गुलाबी रुमाल आठवतात? माझ्या हातून झाले होते ते?"

अप्पांनी थोडा विचार केला.

"आमच्याकडून झाले होते," ते म्हणाले.

तिने त्यांचा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. इतकी वर्षं आपल्याला झाकलं गेलं असं तिला अधूनमधून वाटायचं, आणि त्याचा सलही होता. ते झाकणं पांघरुणाचं होतं, हे आज कळत होतं, आणि त्याबद्दल कुणाचे किती आभार मानावेत ते तिला समजत नव्हतं.

मग तालीम उलटीच सुरू झाली. बारकी गप्प, आणि बाकीचे बोलत होते. चहा सांडलेला पांढरा कोट हिने परत पांढरा केला, वहिनी म्हणाली. रक्ताच्या डागाला कुणी गरम पाणी दाखवलं तर ही अंगावर येते, काका म्हणाले, आणि तिचंच बरोबर असतं. माझी पाठ हिने वाचवली, आई म्हणाली, आणि नुसती माझी नव्हे. भाची फोन बाजूला ठेवून ऐकत राहिली. दादा तेवढा उठला आणि बॉयलरचं पाणी बघून येतो म्हणून आत गेला. बॉयलर बंद होता. थोड्या वेळाने बारकी त्याच्यामागे गेली.

डाग काढायच्या टेबलाशी तो उभा होता. ब्रश, बाटल्या, जुन्या टॉवेलांचे तुकडे, सगळं तिने लावलं होतं तसं होतं. त्याने एक बाटली उचलली, वास घेतला, परत ठेवली.

"गिऱ्हाईक येतं ना," तो म्हणाला, "ते माझ्याशी बोलतं आणि माझ्या खांद्यावरून आत बघतं. तू आहेस का, ते बघतं. मला काय कळत नाही? आम्ही म्हटलं की मीही त्यात बसतो, बारके. तू गेल्यावर मी कुणाला धरून आम्ही म्हणू?"

असं तो कधी बोलला नव्हता. तिला आधी त्याची कीव आली, आणि मग कीव येण्यासारखं यात काही नाही असंही वाटलं.

"दादा, बाहेर तू असायचास म्हणून मी इथे मान खाली घालून काम करू शकले. कुणी कितीही तावातावाने आलं तरी तू त्याला खुर्चीवर बसवायचास. शांत झाल्याशिवाय एकही माणूस आत आला नाही कधी. मला एकदाही बाहेर यावं लागलं नाही. तुला वाटतं ते काम नाही?"

"ते काय काम आहे? बोलायचं तर असतं."

"मला विचार की ते काय आहे ते. मला ते येत नाही. काल तिथे बसले तर मला दोन वाक्यं धड बोलता आली नाहीत."

दादा जरा हसला. मग त्याने ब्रश उचलून तिच्याकडे न बघता म्हटलं, "जा तू. अडवणार नाही. पण मला आनंद झालाय असं सोंग माझ्याने होणार नाही."

"नको करूस," ती म्हणाली.

मेट्रनबाईंच्या खोलीत खिडकीला फिकट निळा पडदा होता आणि त्याला इस्त्री नव्हती. बारकीने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"आज एकट्या आलात?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"हो. निघताना जरा वेळ लागला."

"बसा. तुम्ही काय करता?"

"मी डाग काढते," बारकी म्हणाली. "कापडाच्या मागच्या बाजूने काढते, म्हणजे तो पुढे पसरत नाही. धुतलेलं कापड हातात घेतलं की त्यात साबण राहिलाय की नाही ते मला कळतं. चादर कशी ताणायची, कशी वाळवायची, ते मी इथल्याच चादरींवर शिकले, माझी आई तुमच्याकडे होती तेव्हा. इस्त्री मला येते, पण माझ्या वहिनीच्या पासंगालाही मी पुरणार नाही. मोठी मशिनं मला येत नाहीत. आमचा बॉयलर माझे काका बघतात. ते मला शिकावं लागेल, आणि मी शिकेन. तावातावाने आलेल्या माणसाला शांत कसं करायचं, ते माझा भाऊ जाणतो. तेही शिकेन."

मेट्रनबाईंनी पेन उचललं होतं. त्या लिहीत होत्या.

"ही जागा तुम्हाला का हवी?"

याचं उत्तर भाचीने फोनमध्ये बघून पाठ करून घेतलं होतं, आणि ते बारकीला आठवत होतं. तिने ते सोडून दिलं.

"माझ्या आईच्या पाठीवर वळ उठला होता. चादरीच्या सुरकुतीचा. तिला ती सुरकुती खालून काढता येत नव्हती, आणि ती कुणाला सांगतही नव्हती, कारण एवढ्या मोठ्या दुखण्यात सुरकुतीचं काय सांगायचं. इथे असे किती जण असतील. मला त्यांच्यासाठी काम करायचंय. मला हे चांगलं जमेल."

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण ते म्हणालो, आणि छत काही डोक्यावर पडलं नाही.

"तुमच्या हाताखाली माणसं असतील," मेट्रनबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडून काही बिघडलं आणि मी विचारलं, कुणी केलं, तर काय सांगाल?"

"आम्ही केलं, म्हणून सांगेन. नाव मिळणार नाही तुम्हाला. आत गेल्यावर ज्याला जे सांगायचं ते मी सांगेन. पण काम चांगलं झालं तर नावानिशी येऊन सांगेन, आणि ते तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल."

मेट्रनबाईंनी कागद उलटा करून ठेवला.

"ऐकेन," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला या. बाकीची माणसं त्या दिवशी भेटतील."

रस्ताभर ती झपाझप चालत आली. कुणाला आधी सांगायचं ते ठरत नव्हतं. आईला, असं वाटलं, मग वहिनीला, मग अप्पांना, आणि कोपऱ्यावर आल्यावर सगळ्यांना एकदमच सांगावं असं तिने ठरवलं.

दुकान उघडं होतं. एक उंच बाई काउंटरवर आपला तपकिरी कोट उलटापालटा करून बघत होती. बारकी पायरीवरच थांबली. दादाची तिच्याकडे पाठ होती, हँगरवरून तो काहीतरी काढत होता.

"शाईचा डाग होता हो इथे, एवढा मोठा," बाई म्हणत होती. "मी आशाच सोडली होती. कसा काढला तुम्ही?"

"मी नाही," दादा म्हणाला. "माझ्या बहिणीने काढला."

"मग त्यांना सांगा, हात फार चांगला आहे. माझा दुसरा कोटही त्यांच्याकडेच देणार आहे."

"लवकर आणा. पुढच्या महिन्यापासून ती हॉस्पिटलात असेल. तिकडचा धुलाई विभाग सांभाळणार आहे."

"अरे वा. नक्की झालं का?"

"त्यांचं व्हायचं असेल अजून," दादा म्हणाला. "आमचं झालंय."

बाईने कोट हातावर घेतला, वळली आणि बारकीला वाट द्यायला बाजूला झाली. दादाने मागे बघितलं. बहिणीच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं, आणि त्याने ते तिला बोलूही दिलं नाही. मग त्याने खालच्या खणातून एक जाकीट काढलं. खिशापाशी त्यावर तेलाचा मोठा डाग होता.

"हे संध्याकाळी न्यायला येणार आहेत," तो म्हणाला. "ब्रश कसा धरायचा ते दाखव. मला येत नाही."